धुराड्याचा आकडा

२२ सप्टेंबर
घेतलं अंगावर! डायरेक्टर साहेब मीटिंगमध्ये म्हणाले, "आपल्या गॅस इंजिनांच्या धुरातून इतका न जळलेला गॅस जाणार असेल, तर पॉवर हाऊस बंद करू. वीज बाहेरून घेऊ." मग तिथल्या सहा जणांनी कुठं जायचं? मी उभीच राहिले. म्हटलं, दसरा होऊ द्या, धुरातल्या गॅसचा आकडा हजाराच्या आत आणते. आज मीटरवर चोवीसशे आहे. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. हसू दे.

२५ सप्टेंबर
दोन्ही इंजिनं अर्ध्या लोडवर रखडत होती. एक बंद केलं, दुसरं पूर्ण लोडवर पळवलं. गॅसमध्ये हवा जास्त होत होती, ती कमी केली. चौदाशे!
आईला दौंडला फोन केला. "म्हंजी बंबात वलं लाकूड घातल्यावानी व्हय? निम्मं धुरातच जातंय." अगदी तेच, आई!

२८ सप्टेंबर
रविवार. झोपले.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
पूजेसाठी इंजिनं थंड. आमचे जुने ऑपरेटर चांगदेवमामा चंदेरी रंगाचा डबा घेऊन हजर. "मॅडम, कुठवर मारायचा?"
"सगळीकडं, मामा! सोमवारी साहेब येणार. कायपण सोडायचं नाही!"
झेंडूच्या माळा, हळदकुंकू. इंजिन नव्या स्टीलच्या डब्यासारखं चमकतंय.

३ ऑक्टोबर
तीनशे दहा!! दोनदा बघितलं. मामांनी लगेच पेढे आणले. "देवानं ऐकलं, मॅडम." देवानं कसलं, इंजिनानं माझं ऐकलं! शिक्रापूरच्या ट्रकांच्या गर्दीत अडकले होते, तरी खोलीवर येईपर्यंत एकटीच हसत होते.

४ ऑक्टोबर
नव्या पिस्टन रिंगा न टाकता इतका उतार पुस्तकात कुठंच नाही. पुस्तकच सुधारावं लागणार.

६ ऑक्टोबर
साहेब यायच्या आधी पुसून ठेवावी म्हणून मीटरला धूर पोचवणारी धुराड्यातली सॅम्पलची नळी बाहेर काढली. चंदेरी! पूजेच्या दिवशी मामांनी तीही काढून रंगवलेली, टोकाचं भोक रंगानं जवळजवळ बुजलेलं. धूर आत जेमतेमच येत होता. दसऱ्यापासून मीटर नळीच्या सैल सांध्यातून खोलीतलीच हवा ओढून मोजत होता.
मामांचा चेहरा उतरला. "तुमीच म्हनला, कायपन सोडायचं न्हाई." खरंच. मीच म्हणाले होते.
टाचणीनं भोक मोकळं केलं. आकडा भराभर चढला. तेवढ्यात साहेब आलेच. मागे सगळे पेढ्यांचा बॉक्स घेऊन उभे. साहेबांनी हसत हात पुढं केला. "तीनशे दहा ना?"
"चौदाशे," मी म्हणाले.