वाजणारा दगड

बाबा,

टण्. खदानीत घण दगडावर पडला की तो आवाज समोरच्या कपारीला लागून परत यायचा आणि तुमची मान किंचित कलायची. पुढच्या दगडावर नुसतंच भद्द. "पोटात सडला हाय हा," म्हणत तुम्ही पुढे सरकायचात. मागून मी, शाळेच्या पुस्तकातली कविता गुणगुणत. एकदा तुम्ही वळून म्हणालात, "दगडाले कविता ऐकवून राह्यला का बे? पहिले त्याचं ऐक." तेव्हा मी रुसलो होतो. पुढे जन्मभर पोरांना कविता शिकवल्या, पण कवितेबद्दल इतकं नेमकं मला कोणी सांगितलं नाही.

माय गेल्यावर वर्षभरातली ही गोष्ट. आपल्याच वावरात, नाल्याच्या काठी, जिथे ती दुपारची शिदोरी सोडायची तिथेच तिला अग्नी दिला आणि तुम्ही तिच्या नावाचा ओटा बांधला, वर एक फरशी बसवली. पहिल्याच पुरात काठ कोसळत ओट्याच्या जवळ आला. तुम्ही रडला नाहीत, बैलगाडी जुंपलीत. कोपऱ्याकोपऱ्यांचा काळा दगड निवडायचा. "गोटा पाण्यासंग नाचते, कोपऱ्याचा दगड बसते." एकट्या माणसाला हलवता येईल असा दगड तुम्ही घेतच नव्हतात, कारण तो पुरालाही हलवता येतो. आणि खाली आधी बारीक गिट्टी. "पाणी जाऊ द्याचं, माती नाई." संध्याकाळी त्या दगडांवर बसून तुम्ही बिडी ओढताय, पाठ मायकडे, तोंड पाण्याकडे, हे मला अजून दिसतं. राखण करणारा माणूस असाच बसतो.

तुमचे दगड खूप वर्षं टिकले. मग मशिनीनं नाला खोल केला आणि त्यांचा पायाच उघडा पडला. एकेक करून ते खाली घसरले. या पावसाळ्यात तर काठ ओट्यापासून हातभरावर आला. म्हणून काल ट्रॅक्टर घेऊन दारव्ह्याकडच्या खदानीवर गेलो होतो. हातोडी घरून नेली होती. एका दगडावर मारली, दुसऱ्यावर मारली, मान कलवली. ट्रॉलीला टेकलेला खदानवाला हसला, "गुरुजी, लगन लावाचं हाय का दगडासंग? पसंद करा अन् भरा!" ड्रायव्हरही हसला. मीही हसलो. तासभर ठोकत फिरलो आणि शेवटी म्हणालो, "कच्चा माल हाय तुमचा." रिकामी ट्रॉली घेऊन परत आलो. घरी माझ्या सुनेलाही तेच सांगितलं, दगड चांगला नव्हता.

बाबा, दगड चांगला असेल. मला ऐकूच आलं नाही. माणसांचं बोलणं येतं, पाखरांचं गेलं, आणि आता तो टण्ही गेला. हातोडी पडताना दिसत होती, मनगटाला झिणझिण्या येत होत्या, पण प्रत्येक दगड मुका. मायसाठी मला एक दगड निवडता आला नाही, आणि चारचौघांत ते म्हणायची लाज वाटली. हे तुम्हालाच सांगतो आहे, कारण तुम्ही कोणाला सांगणार नाही. पहाटेपासून वरच्या अंगाला पाऊस लागला आहे. उघडला की सुनेला सोबत नेईन, ठोकीन मी, ऐकेल ती, असं

दार धडधडलं. दारात नाल्यापलीकडच्या घरची सून उभी आहे, पुलावरून वळसा घालून आलेली, गुडघ्यापर्यंत चिखल. आपल्या काठाला तुम्ही दगड लावले आणि पाणी त्यांचा काठ खाऊ लागलं, तेव्हापासून त्या घरातलं कोणी आपला उंबरा चढलं नव्हतं.

"काका," ती धापा टाकत म्हणते आहे, "ओटा गेला. वरची फरशी आमच्या काठाले अडकली, मी दोरानं बाभळीले बांधून आली. चला लवकर, दोर जुना हाय."