माळेवाडीच्या मुक्कामी गाडीसाठी दुसरा अर्ज, साध्या भाषेत

प्रति,
मा. आगार व्यवस्थापक साहेब,
एस.टी. आगार, जि. सातारा

विषय: माळेवाडीची मुक्कामी गाडी पुन्हा सोडणेबाबत.
संदर्भ: पहिला अर्ज व त्यावरील आपला शेरा, "काव्य नको. साध्या भाषेत लिहावे."

महोदय,

अर्जदार श्रीमती आक्काताई हिंदुराव शेडगे, वय सत्तरीपुढे, स्वहस्ते सविनय कळविते की, पहिला अर्ज लालासाहेब गुरुजींनी लिहून दिला होता. रिटायर झाल्यापासून त्यांचा हात नुसता शिवशिवतो. "गाडीवाचून गावाची सांजवेळ पोरकी झाली" हे त्यांचे. आपण त्यावर लाल रेघ मारली ते बरेच झाले. सांजवेळ कशाने पोरकी होतीया, तिचे काय आईबाप मेलेत?

२. परंतु "गाडी वळणावर आली की चुलीला कळायचे" यावरही आपण रेघ मारली. ते वाक्य अर्जदाराचे असून ते काव्य नव्हे. वळणावर हॉर्न वाजला की अर्जदार चुलीत लाकूड सारून तवा ठेवीत असे. सबब ती रेघ काढावी.

३. मुक्कामाच्या ड्रायव्हर-कंडक्टरांना जेवू घालण्याची पाळी गावात घरोघर असे. पुढे माणसे पुण्याला गेली, घरांना कुलपे लागली आणि पाळी रोजच अर्जदाराकडे आली. तिची कधी तक्रार नव्हती. कंडक्टर जोतीराम अंगणातूनच ओरडायचे, "आक्का, लय भूक लागलीया, भाकरी टाका!" ड्रायव्हर धुळा मुकाट जेवायचे, पण भाकरीबरोबरचे कोरड्यास, म्हणजे कालवण, दोनदा मागून घ्यायचे. दिवाळीपासून गाडी बंद आहे.

४. प्रवासी किती, असे आपण विचारले आहे. खरे लिहायचे तर एकही नाही. अर्जदारालाही कुठे जायचे नाही. मुलगा प्रशांत फोनवर "जेवलीस का?" विचारतो, ती "व्हय" म्हणते. हल्ली ते बहुतेक वेळा खोटे असते. एकटीसाठी चूल पेटवू वाटत नाही, साहेब.

५. तरी गाडी सोडावी. रोज जमत नसेल तर आठवड्यातून एकदा सोडावी. याहून साधे अर्जदाराला लिहिता येत नाही.

आपल्या उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
(सही)
आक्काताई हिंदुराव शेडगे
मु. माळेवाडी
दि. १२ डिसेंबर

सोबत:
१. पहिला अर्ज, लाल रेघांसह.
२. कंडक्टर जोतीराम यांचा आमच्याकडे राहिलेला मफलर. हा जोडलेला नाही. मी धुऊन ठेवला आहे, त्यांनी येऊन न्यावा.