घुबड ठेवावं की काढावं

देवळाली प्रवरा,
मंगळवार

चि. भार्गवी हिला नारायणकाकाचे भरघोस आशीर्वाद, आणि काकूचे त्याहून थोडे जास्त (ती शेजारी उभी राहून हेच लिही म्हणते आहे).

आम्ही दोघंही ठीक आहोत. काकूचा गुडघा थंडी पडल्यापासून कुरकुरतो, पण जिना चढताना नाही, फक्त मी चहा मागितला की. माझी तब्येत हा या पत्राचाच एक विषय असल्याने तिच्याकडे नंतर येतो. पुण्यात तुझं जेवण वेळेवर होतं का? दिवाळीत आलीस तेव्हा तुझ्या डोळ्यांखाली काळं दिसलं. काकू म्हणाली, विचारू नका. म्हणून तेव्हा विचारलं नाही, आता विचारतो.

जाताना तू तो टॅबलेट शेंगदाण्याच्या डब्याला टेकवून ठेवलास आणि म्हणालीस, काका, आमच्या नव्या खेळात एक घुबड आहे, त्याची भाषणं फार लांब होतात म्हणून साहेब ते काढून टाका म्हणतात, तुम्ही खेळून बघा आणि ठेवावं की काढावं ते महिनाभरात कळवा. चौतीस वर्षं मी मुलांच्या वह्या तपासल्या, पण अभिप्रायासाठी माझ्याकडे घुबड आलं ते प्रथमच. असा अभिप्राय कागदावरच द्यायचा असतो. व्हॉट्सअ‍ॅपवर माणूस अंगठा दाखवून मोकळा होतो, आणि तो अंगठा पटल्याचा की कंटाळ्याचा, ते शेवटपर्यंत कळत नाही. तेव्हा लिहून देतो. काकू या पानांचे फोटो काढून तुला पाठवील (तिला ते जमतं. मला जमत नाही असं नाही, माझ्या फोटोत बोट येतं).

घुबडाकडे मी अगदी मोकळ्या मनाने पाहिलं असं म्हणणं खोटं होईल. तू सांगितलंस की जगभरच्या व्हिडिओ गेममध्ये घुबड हे शहाणं असतं, चष्मा लावतं, फांदीवर बसून वाट सांगतं, आणि लहानपणी भेटलेली ही घुबडं लोकांना म्हातारपणापर्यंत आठवतात; निम्म्या लोकांना प्रेमाने, निम्म्यांना दात खात. आपल्याकडे घुबडाला शहाणं कोणी म्हटल्याचं मला आठवत नाही. मी स्वतः वर्गात ‘घुबडासारखा काय बघतोस’ हे वाक्य इतक्या वेळा वापरलं आहे की त्याला उत्तर असू शकतं हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही.

तर तुझा खेळ असा. दोन वेण्या घातलेली एक मुलगी दप्तर घेऊन शाळेला निघते. (दप्तराचा बंद एका बाजूला लोंबतो, तो आधी नीट कर.) कालव्याच्या काठाला वड, वडावर घुबड. त्याच्या चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, गळ्यात मफलर, बोलण्याआधी दोनदा खोकणार, आणि मग ‘मुद्दा क्रमांक एक’. मला ते घुबड पाहून सारखी कोणाची तरी आठवण होत होती. मी काकूला म्हटलंसुद्धा, हे हुबेहूब आमच्या जुन्या मुख्याध्यापकांसारखं आहे. काकू पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली आणि तिथून बराच वेळ भांड्यांचा आवाज आला. झाडलोटीला येणाऱ्या केशरबाईला एवढाही पोच नाही. तिने केरसुणी हातात धरूनच पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “अगं बया, हे तर आपले गुरुजी हायेत की!” मी तिला सांगितलं की साम्य असणं आणि तेच असणं यात फरक असतो, आणि तो तीन मुद्द्यांत समजावून देत होतो, पण दुसऱ्या मुद्द्याला ती अंगण झाडायला निघून गेली.

या घुबडाचं भाषण सात मिनिटं चालतं. मी घड्याळ लावून पाहिलं. ओढा कुठून ओलांडायचा एवढंच मुलीला हवं असतं, पण घुबड आधी ओढा म्हणजे काय ते सांगतं, मग तो कुठे उगम पावतो, मग पूर्वी त्याला किती पाणी असायचं, आणि मधेच कंसात टाकल्यासारखं स्वतःच्या पाठदुखीचं. (विषय सोडून बोलण्याची ही खोड मला माणसातसुद्धा सहन होत नाही. आमच्या शाळेत एक चित्रकलेचे शिक्षक होते, त्यांना असं बोलायची सवय होती. त्यांच्याविषयी पुन्हा कधीतरी. त्यांचा मुलगा आता शेवगावला असतो.) खाली पहिल्यापासून दोन चौकटी असतात: ‘कळलं’ आणि ‘पुन्हा सांगा’. तू म्हणालीस, आजवर ज्यांनी ज्यांनी खेळून पाहिलं त्यांनी भाषण पुरतं सुरू व्हायच्या आत ‘कळलं’ दाबलं. मला ते शक्य नाही. न कळता कळलं म्हणणाऱ्या मुलांना मी जन्मभर बाकावर उभं केलं, आता सत्तरीत स्वतः कुठे उभा राहू? मधे केशरबाई येऊन गेल्यामुळे ओढ्याचा भाग माझ्या नीट लक्षात आला नव्हता, म्हणून मी प्रामाणिकपणे ‘पुन्हा सांगा’ दाबलं. घुबड दोनदा खोकलं आणि अगदी पहिल्यापासून सुरू झालं, पाठदुखीसकट.

इथे माझ्या हातून चूक झाली. ते थांबवण्याची खूण शोधताना कोपऱ्यातल्या दगडाच्या चित्रावर माझं बोट पडलं, आणि तुझ्या त्या दोन वेण्यांच्या गरीब मुलीने घुबडाला दगड हाणला. घुबडाने तो पंजात झेलला. माझ्याकडे पाहिलं (तू म्हणशील मुलीकडे पाहिलं, मी तिथे होतो), उडून कालव्याच्या पायरीवर जाऊन बसलं आणि दगड पायरीवर घासायला लागलं. बोलणं बंद. मी टॅबलेट बंद करून चालू केला, दुसऱ्या दिवशी पाहिलं, तिसऱ्या दिवशी पाहिलं. घुबड आपलं घासतंय, आणि दगड रोज थोडा लहान.

तिसऱ्या दिवशी केशरबाईने ते पाहिलं आणि केरसुणी खाली टाकली. घुबडाला दगड मारला की ते तो पाण्यावर नेऊन घासतं, आणि दगड झिजेल तसा मारणारा झिजतो, हे तुला लहानपणी सांगणारी हीच बाई. “दगुड कुनी मारला?” तिने विचारलं. काकूने माझ्याकडे बोट दाखवलं. “मंग तरीच! लई वाळलेत हो गुरुजी!” झालं. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात माझ्या प्रकृतीबद्दल डॉक्टर जे बोलले ते काकूने अर्धंच ऐकलं, पण केशरबाईचं एक वाक्य तिच्या मनात घर करून बसलं.

त्याच दुपारी तिने मला भिमाजीच्या कांद्याच्या वखारीत नेऊन गोण्यांच्या काट्यावर उभं केलं. दवाखान्यात मागच्या महिन्यात अडुसष्ट किलो भरलो होतो, भिमाजीच्या काट्यावर सहासष्ट. “गुरुजी, काटा काय खोटं बोलनार न्हाई,” असं भिमाजी छातीवर हात ठेवून म्हणाला. आठवड्याने पुन्हा नेलं तर साडेपासष्ट. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलपायी दोन वर्षं माझं तूप तोडलं होतं. त्या संध्याकाळपासून वरणावर तुपाची धार, पोळीला तूप, सकाळी तुपातला शिरा, चारला डिंकाचा लाडू. ती रात्रंदिवस काळजीत आहे आणि मी निमूटपणे खातो आहे. तिचं मन मोडवत नाही.

आता तिचं म्हणणं असं की मी घुबडाची माफी मागावी. रीतसर, हात जोडून, टॅबलेटसमोर. मी नकार दिला आहे. निवृत्त शिक्षकाने चित्रातल्या पक्ष्यापुढे हात जोडणं मला मान्य नाही, आणि त्याचा माझ्याशी काही संबंध आहे हेही मला मान्य नाही.

सबब माझा अभिप्राय: घुबड काढून टाकावं. ते फार बोलतं, मुद्द्याला उशिरा येतं, लहान मुलांना त्याची गरज उरलेली नाही आणि त्याच्यामुळे घरात अशांतता होते. तुझे साहेब समजूतदार दिसतात. त्यांच्या मताशी मी पूर्ण सहमत आहे असं त्यांना कळव.

जपून राहा, जागरण करू नकोस.

तुझा,
नारायणकाका

ता.क. भिमाजीचा काटा दोन किलो कमी दाखवतो हे साऱ्या देवळालीला माहीत आहे. दुसऱ्या खेपेला मी स्वेटर आणि चपला काढून उभा राहिलो होतो, तेही सांगायचं राहिलं. काकूला यातलं काही कळवू नकोस. डिंकाचे लाडू अजून अर्धा डबा आहेत.

दुसरा ता.क. आज शुक्रवार. वरचा मजकूर मंगळवारचा आहे. खाडाखोड मला चालत नाही, म्हणून तसाच ठेवतो. पण तो साहेबांना दाखवू नकोस.

काल दुपारी काकू भाजी आणायला गेली असताना मी माफी मागितली. हात जोडले नाहीत, नुसतं म्हटलं, बाबा रे, चुकून लागला. काही झालं नाही. घुबडाखाली आता एकच चौकट होती, ‘पुन्हा सांगा’. ती दाबली. घासणं थांबलं, खोकलं दोनदा, आणि पहिल्यापासून भाषण. सातही मिनिटं ऐकलं. पुन्हा दाबलं, कारण ओढ्याला पूर्वी किती पाणी असायचं तो भाग निसटला होता. दुसऱ्यांदा ऐकल्यावर मला सगळं कळलेलं होतं. तरी मी तिसऱ्यांदा ‘पुन्हा सांगा’ दाबलं. हे माझ्या तत्त्वात बसत नाही. पण खरं सांगू का, कोणीतरी कोणाचं शेवटपर्यंत ऐकून घेतंय हे पाहायला मला बरं वाटत होतं. आणि हो, ते घुबड मीच आहे. मफलर पाहिला तेव्हाच मला ते कळलं होतं.

तिसरं भाषण संपल्यावर घुबडाने चिंचोक्याएवढा उरलेला दगड मुलीच्या हातावर ठेवला, फांदीवर न उडता खाली उतरलं (चालताना घुबड फार वाईट दिसतं, तू मुद्दाम तसं केलं असशील), आणि तिच्या शेजारून चालू लागलं. वर बघत म्हणालं, ‘मलाही तिकडेच जायचंय. कालव्याला पाणी किती आलंय ते बघायचंय.’

तुझे बाबा बदलीवर होते आणि तू आमच्याकडे राहायचीस. पाचवी-सहावीची दोन वर्षं. शनिवारची सकाळची शाळा, वाटेवरचा वड, त्यातलं घुबड. तू घरातून निघायचीस आणि फाटकापाशी थांबायचीस. भीती वाटते असं तू म्हणाली नाहीस, आणि सोबत येतो असं मी म्हणालो नाही. मी मफलर गुंडाळायचो आणि म्हणायचो, चल, मलाही तिकडेच जायचंय, कालव्याचं पाणी बघायला. मग शाळेच्या फाटकापर्यंत काहीतरी समजावत यायचो. तू ऐकायचीस. मध्येच म्हणायचीस, काका, हे पुन्हा सांगा. आता भंडारदरा धरणातून कालव्याला पाण्याचं आवर्तन वर्षातून मोजून चार-पाच वेळा सुटतं, बाकीचे महिने कालवा कोरडा असतो, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. इतकी वर्षं मी समजत होतो की तुला ते पटलं होतं.

तेव्हा विनंती अशी की घुबड काढू नकोस. साहेबांना सांग, ‘पुन्हा सांगा’ तीनदा दाबून बघा. ते त्यांनी एकदाही दाबलेलं नाही, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. भाषण सात मिनिटांचं साडेसहा केलंस तरी चालेल. पाठदुखीचं काढ. फार तर मुद्दा क्रमांक तीन. बाकी राहू दे, मुली, एवढं माझं ऐक.

तिसरा ता.क. (हे अक्षर काकूचं आहे.) भार्गवी, फोटो मी काढते, म्हणजे पत्र मी वाचणारच, एवढं यांना कळायला हवं होतं. भिमाजीचा काटा कमी दाखवतो हे मलाही माहीत आहे. कांदे मी तिथेच मोजून घेते. दोन वर्षं बिनतुपाचं मुकाट खात होते, वाटलं, निमित्त आहे तर खाऊ देत चार दिवस. आता लाडवांचा डबा केशरबाईला दिला.

घुबड ठेवच. चव्वेचाळीस वर्षं मी यांना ‘कळलं’ म्हणत आले आणि तेव्हा शनिवारी कालव्यावर कशाला जायचे ते मला काल हे पत्र वाचून कळलं. आज सकाळी चहा ठेवताना मी यांना म्हटलं, ते ओढ्याचं काय ते मला पुन्हा सांगा. आधी दचकले, मग मफलर शोधायला गेले. आता अकरा वाजलेत. दूध उतू गेलं, मुद्दा क्रमांक दोन चालू आहे.