रोज विरजण मागणारा माणूस

सोलापूर,
मंगळवार, सकाळ

तीर्थरूप दाजींच्या चरणी जोतिरामचा बसल्या जागेवरून दंडवत. (उठून घातला असता, पण मांडीवर दोडके आहेत.)

अक्काचे गुडघे कसे आहेत? ती अजूनही जिना चढताना तुमच्या नावानं आणि उतरताना माझ्या नावानं खडे फोडते का? तुमची साखर आटोक्यात असेल असं धरून चालतो, कारण विचारलं की तुम्ही चिडता. बार्शीच्या बाजारात यंदा ज्वारीची आवक कशी आहे? (सहज विचारलं. त्यात काही शोधू नका.) मी इकडे मजेत आहे, पोटभर जेवतो आहे आणि दही तर नको इतकं खातो आहे.

परवा फोनवर तुम्ही जे बोललात ते मी निमूटपणे ऐकलं. मध्ये बोलायला फटच नव्हती, म्हणून हे पत्र. पत्रात तुम्हाला मला तोडता येत नाही. तुमच्या आडतीवरचा अजिनाथ चादरी घ्यायला सोलापुरात आला, आमच्या गल्लीत डोकावला आणि मला हातात वाटी घेऊन शेजारच्या शेखलालच्या दारात उभा पाहून, न भेटताच परतीच्या एसटीत बसला. मग ‘मास्तर दारोदार मागून खातात’ ही बातमी त्यानं भर बाजारात सांगितली. तुमची मान खाली गेली, अक्का रडली, आणि आता तुम्ही रविवारी येऊन मला उचलून नेणार आहात. दाजी, अजिनाथ खोटं बोललेला नाही. मी मागतो. रोज मागतो. पेन्शन वेळेवर येते, घर स्वतःचं आहे, तरी मागतो. का, ते एवढं वाचा आणि मग उचलायला या.

गल्लीच्या टोकाला ती मोकळी जागा आहे ना, मागच्या खेपेला जिथं तुमच्या जीपच्या चाकात खिळा घुसला, ती आम्ही काही घरांनी मिळून साफ केली आणि तिथं भाजी लावली. भाजी विकायची नाही, ज्या घराची ओढाताण आहे तिथं पोचवायची, असं ठरलं. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी घराघरातून बादलीत जमतं, तेच झाडांना जातं. कामाची वाटणीही झाली. कष्ट रुद्रप्पाकडे आणि देखरेख माझ्याकडे. (रुद्रप्पा म्हणजे माझा शेजारी, ट्रकवरून निवृत्त झालेला ड्रायव्हर. अक्कलकोटकडचा आहे आणि राग आला की कन्नडमध्ये बोलतो. माझ्याशी तो बहुतेक कन्नडमध्येच बोलतो.) त्याचं म्हणणं, “मास्तर, झाडाला पाणी लागतंय, नुसतं बगून वाढत न्हाय ते.” त्याला काय कळणार! मी जन्मभर पोरांना चित्रकला शिकवली. बघण्यालाही वेळ द्यावा लागतो.

आणि बघण्यासारखं आहे हो, दाजी. बंद पडलेल्या कारखान्यातला एक जुना माग त्या जागेत भंगार म्हणून पडला होता. त्यावर दोडक्याचा वेल चढला आहे. सकाळी कोवळं ऊन त्या सांगाड्यातून आरपार येतं, पिवळी फुलं हलतात, आणि पालथ्या घमेल्यावर बसल्या बसल्या माझा डोळा लागतो. मग मला दिसतं की वेल मागावरून उतरून गल्लीत निघाला आहे, पत्र्यांवरून, गच्च्यांवरून, एका घरातून दुसऱ्या घरात, आणि ज्याला हवं तो आपल्या खिडकीतून हात काढून दोडका तोडून घेतो आहे. कुणी दिला आणि कुणी घेतला याचा कुणाला पत्ताच नाही. शेखलालही कधीकधी शेजारी येऊन बसतो. तो याच कारखान्यात माग चालवायचा. आता रोज चौकात कामासाठी उभा राहतो आणि बरेचदा तसाच परत येतो. एकदा तो वेलाकडे बघत म्हणाला, “मास्तर, माग चालूच हाय की अजून.” मग मीही वेलाकडे बघत राहिलो. त्या तंद्रीत बादली तशीच कलंडून राहिली आणि रुद्रप्पाची मेथी वाहून गेली, तो भाग सोडून देऊ.

तर पहिली भाजी साहजिकच शेखलालच्या घरी गेली. त्याची बायको रशीदा विड्या वळते, त्यावर घर कसंबसं चालतं. मी स्टीलचा डबा भरून वांगी नेऊन दिली आणि कृतार्थ होऊन झोपलो. दुसऱ्या दिवशी डबा परत आला, शेंगाचटणीनं गच्च भरलेला. मी गवार दिली, तर डब्यातून गुळाचा मलिदा आला. मी हट्टानं अंबाडी दिली, तर शेवयांची खीर आली, आणि रुद्रप्पाच्या बायकोकडून कळलं की त्या शेवया ईदसाठी राखून ठेवलेल्या होत्या. रिकामं भांडं परत द्यायचं नाही, ही रीत आपल्याकडे आहे तशी तिच्याकडेही आहे. मी खीर खात बसलो होतो, चमचा खाली ठेवला. दाजी, आम्ही त्या घराला भाजी देत नव्हतो, आम्ही ते घर खात होतो!

मग डबा बंद केला आणि वांगी कागदात बांधून दिली. तिनं कागदाची नीट घडी केली आणि त्यातून चार कडक भाकऱ्या पाठवल्या. पिशवी दाराला अडकवून पळून आलो, तर पिशवी लिंबाचं लोणचं घेऊन आली. बागेत येऊन स्वतः तोडून घ्या म्हटलं, तर म्हणाली, “तुमी लावलेल्या झाडाला मी हात कशी लावू, भाईजान?” शेवटी तिनं दार अर्धंच उघडलं आणि सांगितलं, “आता भाजी नको. घरात लई पडलीया.” अर्ध्या दारातूनही चुलीजवळची टोपली दिसत होती, आणि ती रिकामी होती. बाहेर झाडांना वांगी लगडलेली, आत टोपली रिकामी, आणि मधे ते दार. फार वाईट वाटलं. रुद्रप्पानं त्या दिवशी मला एकही शिवी दिली नाही, यावरून काय ते समजा.

पुढचं श्रेय मांजराचं आहे. मी वेल बघत बसलो असताना त्यानं माझं दही विरजणासकट चाटून पुसून साफ केलं. सर्वांत जवळचं दार रशीदाचं, म्हणून वाटी घेऊन गेलो आणि विरजण मागितलं. दार सताड उघडलं! कित्येक दिवसांनी तिचा चेहरा हसरा दिसला. “घ्या की, त्यात काय,” म्हणत तिनं माझी वाटी बाजूला ठेवली आणि स्वतःच्या वाटीत विरजण दिलं. संध्याकाळी तिची वाटी परत करायची, तर रिकामी कशी करणार? अक्कानं लहानपणी माझ्या पाठीत धपाटे घालून शिकवलेली रीत आहे ती. वाटीत गवार ठेवली, मावेना, म्हणून वाटीखाली टोपलं धरलं. रशीदानं ते सगळं मुकाट घेतलं. मी दारातच उभा राहिलो. आता देणारी ती होती आणि फेडणारा मी!

तेव्हापासून मी रोज विरजण मागतो. युक्ती ऐकून रुद्रप्पानं इतर घरं आपल्याकडे घेतली, पण त्याला मागण्याचं वळण नाही. दिवेलागणीला एका घरी जाऊन तो ट्रक अडवल्यासारखा ओरडला, “मीठ द्या!” त्या वेळी मीठ मागतात का? त्या बाईंनी त्याला जे सुनावलं त्याला कन्नडमध्येही उत्तर नव्हतं. गल्लीत आता माझ्याबद्दल हळहळ आहे. मास्तरांची पेन्शन अडकली म्हणे, मुलगा विचारत नाही म्हणे. मी मान खाली घालून ऐकून घेतो. घरात इतकं दही साठलं आहे की मांजरही आता तोंड फिरवतं. पण शेखलालच्या चुलीवर रोज भाजी शिजते, आणि सकाळी घमेल्यावर बसलो की तिचा वास येतो. अजिनाथनं पाहिलं ते हे.

एवढं वाचून राग शांत झाला असेल तर अक्काला पत्र मोठ्यानं वाचून दाखवा. झाला नसेल तरी दाखवा. मुलांना आशीर्वाद.

तुमचा, आणि धपाटे आठवणारा,
जोतिराम

ता. क. रविवारी जरूर या, मात्र अंगठ्या बार्शीत ठेवा आणि जुना सदरा घाला. ‘आमच्या मेव्हण्याला काय कमी आहे!’ हे वाक्य गल्लीत उच्चारू नका, माझी सगळी मेहनत पाण्यात जाईल. उलट शेखलालच्या दारासमोर मला चार शब्द सुनवा, ते तुम्हाला जमेल. आणि येताना ज्वारीचं एक पोतं आणा. अक्कानं आल्या आल्या रशीदाकडे जाऊन सुई मागायची, पदराला एक टाका घालायचा आणि ती सुई पोत्यात टोचून पोतं परत करायचं. रिकामी सुई कशी देणार?

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवणार तेवढ्यात रशीदा स्वतः दारात आली. दुधनीहून तिची जाऊ मुलाबाळांसह राहायला आली आहे, हे सकाळीच रुद्रप्पानं सांगितलं होतं. मी वाटी पुढे केली, तर म्हणाली, “आज वाटी ऱ्हाऊ द्या, भाईजान. विरजण ह्याच्यात घ्या.” आणि तिनं माझ्यापुढे लग्नाकार्यातलं असावं तसलं मोठं पातेलं ठेवलं. तळाला चमचाभर विरजण होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, मीही तिच्याकडे पाहिलं नाही. तिला पहिल्यापासून सगळं ठाऊक आहे, दाजी. मी बागेत निघालो आहे. पातेलं मोठं आहे, भरायला वेळ लागेल.