उसातला किआय

४ ऑगस्ट, सोनई
कराटेचे सर म्हणाले, "काता स्वच्छ आहे तुझा. पण किआय म्हणजे मांजर शिंकल्यागत." सगळा क्लास हसला. मीपण. खरंच आहे ते. काता म्हणजे समोर कोणी नसताना लढायचं, आणि कोणीतरी आहे हे पंचांना पटायला पाहिजे. किआयची आरोळी पोकळ निघाली की संपलं. गेल्या वर्षी नगरच्या श्रावणीकडून तशीच हरले. पण ओरडायचं कुठं? घरात जरा आवाज चढला की आई म्हणते, हळू, शेजारी ऐकतील.

५ ऑगस्ट
पप्पा जेवताना म्हणाले, "यंदा राज्याला निवड झाली तर खेळ. न्हाई झाली तर बास. कालेज कर नीट." हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार. तरी भाकरी तीन.

९ ऑगस्ट
जागा सापडली! आमच्या उसाच्या कडेचा बांध. आधी लाज वाटली. मग एक असा निघाला की बगळे उडाले. लई भारी.

१२ ऑगस्ट
अरे देवा. दिवस मावळताना शेवटचा किआय दिला, आणि थोड्या वेळात अख्खी वस्ती हजर. काठ्या, बॅटऱ्या, कोणी डबा बडवतंय. बिबट्यानं पोरगी धरली म्हणून! मी आपली पांढऱ्या ड्रेसमध्ये बांधावर उभी. शेजारचे भाऊसाहेबकाका म्हणे, "तू हायेस व्हय! आगं, जीव गेला आस्ता माझा." पप्पा सगळ्यांच्या पुढं, एकाच पायात चप्पल. वाटलं, झालं, आजच बंद. ते धापा टाकत म्हणाले, "हा आवाज तुझा?"
"हो."
"परत काढ बरं."
काढला. काका दोन पावलं मागं.
घरी आईनं धुतलं ते वेगळं. उसाकडं जायला बंदी. अंगणात कर, म्हणाले पप्पा.

२४ ऑगस्ट
नगरला जिल्हा निवड. पप्पा स्वतःहून आले, मोटारसायकलवर घेऊन. फायनलला समोर श्रावणीच. मी लाल पट्टा, ती निळा. किआय असा गेला की हॉल गप्प झाला. पाच पंचांचे झेंडे वर. दोन लाल, तीन निळे. राज्याला एकच जाणार, ती श्रावणी. वळताना मागचा पाय सरकला माझा, तेव्हाच कळलं होतं.
पप्पांनी एका पंचाला गाठलं. "आवाज कोनाचा मोठा हुता, तेवढं सांगा." सरांनी त्यांना हाताला धरून बाहेर नेलं.
बाथरूममध्ये खूप रडले. श्रावणी पाण्याची बाटली घेऊन आली. म्हणे, "कुठं प्रॅक्टिस करतेस गं? घाबरले मी." बिबट्याचं सांगितलं. दोघी हसत सुटलो, माझं नाक अजून वाहतंय.


२५ ऑगस्ट
दिवसभर कोणी विषय काढला नाही. संध्याकाळी पप्पांनी अंगणात खाट टाकली. मला हाक मारली.
"त्या पोरीनं काय केलं, दाखव."
दाखवलं.
"आता तुझं. पाय कुठं सरकला?"
तेही दाखवलं.
"परत कर."
केलं. परत. मग परत. आई दोनदा जेवायला बोलावून गेली, दोन्ही वेळा त्यांनीच तिला थांबवलं.
'बास'चं ते काही बोलले नाहीत. मी कशाला आठवण करू? ड्रेस धुवून दोरीवर टाकलाय. सकाळी क्लासला येते म्हणून सरांना मेसेज केला.