फोटोत दोघं पायजे

वच्छलाबाईले लहान बहीण रंजीताचा पाया पडून नमस्कार. भाटव्याले, तुह्या मालकाले, बी नमस्कार सांगजो, अन त्याइच्या दुखऱ्या गुडघ्याले बी, तो आता घरातलाच माणूस झाला आहे. तुमच्याकडं सिमेंटची धूळ कमी झाली का तशीच आहे? खोकला असन तं रात्री हळद घालून दूध पेत जा. इकडं आमी सारे बरे आहो. सासूचे वरचे दोन दात अजून जाग्यावर आहे. आमची पोर दुर्गी खाते-पेते, दिवसभर बडबड करते. ज्योत्स्ना (आमच्या शेजारची, तुमच्या कोरपन्याची लेक) माहेरी चालली, म्हून तिच्याजवळ हे चिठ्ठी देऊन राह्यली. पहिलेच सांगून ठेवतो बाई, काई मागायसाठी लिहून नाई राह्यली.

तू ज्योत्स्नाजवळ फोनवर विचारलं म्हणे, रंजीताच्या स्टेटसले रोज गावातल्या दोन-दोन माणसाइचे फोटो काऊन रायते, तिनं काय लग्न जुळवायचं दुकान खोललं काय. नाई बाई. लग्न जुळवाले माणसं हासत तरी उभे रायतात. ते फोटो फॉरेस्टच्या ग्रुपवर टाकायचे होते, मी दाबलं तं स्टेटसवर बी जात होते, अन मले पंधरवडाभर कोणं सांगतलंच नाई. सारं गाव पायत होतं, कोणाचं तोंड कसं दिसते म्हून.

झालं असं का होळी झाली अन मोहाचं फूल पडायले लागलं. तुले तं मालूम आहे, मोह वेचायले अंधार असतानाच निघा लागते, ऊन चढलं का ढोरं अन हरणं खाऊन जातात. पण औंदा नाल्याच्या अंगानं वाघीण फिरून राह्यली. तिचे फोटो फॉरेस्टवाले काढतात, झाडाले कॅमेरे बांधून. ते बी जोडीनंच बांधतात, वाटेच्या या बाजूनं एक अन त्या बाजूनं एक, कारण वाघाच्या डाव्या अंगाचे पट्टे उजव्या अंगावानी नसतात. (हे मले गार्डानं सांगतलं. मी म्हटलं, भाऊ, मी पायली तं कोणतं अंग होतं ते पायत उभी नाई रायणार.) मंग गार्डानं साऱ्याइले देवळाजवळ बसवलं अन सांगतलं, आता एकट्यानं कोणं जायचं नाई. जोडीनं जायचं. एकानं वेचायचं, एकानं उभं राहून चहूकडं पायचं, मंग पाळी बदलायची. जाताना जोडीचा फोटो, मोह वेचून, सरपण घेऊन सांजीले येताना त्याच जोडीचा फोटो. फोटोत दोघं पायजे. अन आमचं घर गावाच्या शेवटाले, जंगलाची वाट आमच्या आंगणावरूनच जाते, अन माह्या फोनचा कॅमेरा साजरा, म्हून फोटो काढायचं काम माह्या गळ्यात पडलं.

मले फोटो काढता येत नव्हता. गार्ड म्हणे, बाई, घरी हात बसव, जे जोडीनं दिसन ते काढ. मंग मी काढत सुटली. दोन मडके काढले. बैलजोडी काढली, त्यात पांढऱ्याचं तोंड आलं अन तांबड्याची शेपटी. नाल्यावर टिटव्याची जोडी होती, ते काढाले गेली तं त्या माह्यावर ओरडत आंगावर आल्या, फोटोत माहंच बोट आलं. बाजाराले जाताना रस्त्यावर दोन बसा समोरासमोर थांबल्या अन दोघं ड्रायवर खिडकीतून एकमेकाच्या पोरीच्या लग्नाचं बोलत बसले, तो फोटो मातर असा आला का आजबी पायतो. चपलाची जोडी काढायची होती तं एक कुत्र्यानं नेली. सासू म्हणे, माहे दात काढ, दोनच आहे पण जोडीच आहे. हे सारं मी शिकायसाठी काढत होती, अन सारं ग्रुपवर जात होतं. त्या ग्रुपवर मोठमोठे साहेब. गार्डाचा फोन आला, बाई, माणसं पाठव, दात नोको पाठवू.

मंग जोड्या लावायचं सुरू झालं, अन बाई, वाघीण परवडली. रामाजी अन मुखरू हे दोघं सख्खे भाऊ, पण म्हशीवरून बोलत नाई. दोघाइचे मोहाचे झाडं मातर एकाच जाग्यावर, म्हून गार्डानं त्याइचीच जोडी केली. फोटोले उभे राहा म्हटलं तं एक कुडाच्या या टोकाले, दुसरा त्या टोकाले. मी मांगं सरकत सरकत गेली तवा दोघं फोटोत आले, अन मी शेणाच्या खड्ड्यात. बुधरीबाईसंग कोणी जायले तयार नाई, तिले ऐकू येत नाई. तिची नजर घारीवानी, पण तिले हाक कशी मारायची? मंग ज्योत्स्नानं तिच्या कमरेले दोरी बांधली, दुसरं टोक आपल्या हातात. म्हणे, काई दिसलं का वढीन. पयल्याच दिवशी दोरी काट्याच्या झुडपाले अटकली, बुधरीबाईले वाटलं वाघ आला, ते जे पळाली तं ज्योत्स्नाले टोपल्यासकट फरफटत गावापर्यंत आणली. फोटोत दोघी आहे. एकीचा पदर नाई अन एकीची चप्पल नाई.

अजून एक नेम होता. तो गार्डानं नाई सांगतला, आमी बायाइनंच हापशीवर ठरवला. नवरा-बायको एका जोडीत जायचे नाई. काऊन, ते कोणं बोलून नाई दाखवलं. ज्याच्या घरी लहान लेकरू आहे त्याले सांगा नाई लागत. म्हून दुर्गीच्या बापाची जोडी त्याच्या दोस्तासंग, इसरूसंग लागली, अन मी कुडाजवळ फोन धरून उभी.

एक दिवस सांजीले रामाजी एकटाच आला. मी म्हटलं, भाऊ, मुखरूभाऊ कुठी? म्हणे, मले काय मालूम, मी त्याच्यासंग बोलतो काय. सारं गाव टीन वाजवत निघालं, गार्ड आला, मुखरूची बायको रडून रडून अर्धी झाली. अन मुखरू सापडला पलीकडच्या गावात, पाव्हण्याच्या खाटेवर, चहा पेत. भावासंग वापस चालायचं नव्हतं म्हून दुसऱ्या वाटेनं निंघाला होता. गार्डानं दोघाइलेबी इतक्या शिव्या देल्ल्या का त्याले पाणी द्या लागलं. त्या दिवशी आमी लय हासलो. दुर्गीचा बाप अन इसरू तं आंगणात लोळून हासले.

इसरूची एक गंमत होती. फोटो काढला का त्याचे डोळे मिटत. रोजच. मी एक, दोन, तीन म्हटलं का तीनले मिटले. दुर्गीचा बाप म्हणे, हा झोपेतच मोह वेचते. मंग ते झालं त्या दिवशी सकाळी दुर्गीच्या बापानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला अन म्हणे, उघड रे डोळे, तुह्या बायकोनं पायला तं मेला समजन. अन त्या दिवशी त्यानं डोळे साजरे उघडे ठेवले. बाई, तो फोटो लय साजरा आला.

काय झालं ते दुर्गीच्या बापानं एकदाच सांगतलं, मंग नाई सांगतलं. रात्री वारा सुटला होता, झाडाखाली मोहाचा सडा पडला होता. पाळी त्याची होती, उभं रायची. पण समोर इतका मोह पडून, उजेड होऊन राह्यला, ढोरं यायच्या आत उचला लागते, अन माणूस रिकामा उभा कसा रायन? तोबी वाकला. सारेच वाकतात बाई. कोणतीच जोडी तशी उभी रायत नव्हती, गार्डाले फोटो पाठवला का आत जाऊन दोघं वेचत. वाकलेला माणूस वाघाले माणूस दिसत नाई म्हणतात. वाकलेले दोघं होते. तिनं इसरूले नेला.

लोक गेले, त्याले आणला, गार्डानं पंचनामा केला. सांजीले मी चुलीजवळ बसली होती. पाह्यतो तं दुर्गीचा बाप कुडाजवळ उभा. रोजच्या जाग्यावर. म्हणे, काढ. मी म्हटलं, काय काढ? म्हणे, सकाळचा काढला, सांजचा काढा लागते. अन तो असा उभा होता का बाजूले एका माणसाची जागा सोडून. मी काढला. मले नाई म्हणता नाई आलं. पाठवला बी. ग्रुपवरच्या एका साहेबानं रोजच्यावानी अंगठा टाकला. त्याचं बी काय चुकलं, तो रोजच टाकते, पाहून थोडीच टाकते.

तेरवी व्हायच्या आत अन्नपूर्णा आली, इसरूची बायको. म्हणे, ताई, त्याइचा डोळे उघडे असलेला एकबी फोटो माह्याजवळ नाई, तुह्या फोनात आहे म्हणे. मी देल्ला. तिच्या भावानं चंद्रपुराहून तो मोठा करून काच लावून आणला. स्टुडिओवाल्यानं दुर्गीच्या बापाले कापून टाकलं, मांगं आभाळ टाकलं, इसरूले कोट बी घालून देल्ला. पण खांद्यावरचा हात तसाच राह्यला. आता अन्नपूर्णाच्या घरी भिताडावर इसरू कोट घालून आहे, गळ्यात हार, अन हाराखाली माह्या नवऱ्याचा हात. मनगटावर मी बांधलेला काळा दोरा बी दिसते. सासूनं पायलं अन घरी येऊन जेवलीच नाई. म्हणे, माह्या पोराले अर्धा हार घालून ठेवला. मी अन्नपूर्णाले म्हटलं, माय, तो हात मिटवून आण. ते म्हणे, राहू दे ताई, शेवटले त्याइच्यासंग कोणीतरी होतं असं वाटते. याच्यावर काय बोलशील तू?

तवापासून दुर्गीच्या बापासंग कोणी जोडी करत नाई. तोंडावर कोणं म्हणत नाई. एकाचा पाय दुखते, एकाची सासुरवाडीची वारी निंघते. रामाजी-मुखरू मातर सुधरले, बोलत नाई पण खोकलतात. जंगलात एक खोकलला का दुसरा खोकलते, तवा पयला वेचते. दुर्गीचा बाप आंगणात बसून फोन पायते, त्याच बसाचा फोटो, ते दोघं ड्रायवर बोलून राह्यले तो. बस, बाकी सारं बरं आहे. सासू तुले आठवण करते. आंबीलीसाठी ज्वारी पाठवली आहे, घेजो.

तुही बहीण,
रंजीता

ता. क. मागच्या खेपेले तुही लोणच्याची बरणी आणली होती, ते फुटली. सासू म्हणते मांजरानं फोडली. आमच्याकडं मांजर नाई.

ता. क. दुसरा. मी फोन काऊन नाई केला म्हणशीन. फोनवर मी रडली असती, अन तू भाटव्याले विचारतो म्हणाली असती.

ता. क. तिसरा. बाई, दुर्गी ज्योत्स्नासंग आली तं तुले वाटलं असन, लेकरू चार दिवस मावशीकडं खेळाले आलं. ती खेळाले नाई आली. तेंदूपान तोडणं सुरू होऊन राह्यलं. दुर्गीच्या बापासंग जायले कोणी नाई, अन तो म्हणते मी एकटाच जातो. मी पायलं, त्याले जायचं कामाले नाई, त्याले इसरूच्या जाग्यावर जायचं आहे. म्हून जोडी मी करून राह्यली. हापशीवरच्या बायाइनं मले लय समजावलं. मी वाकणार नाई. पानं तो तोडन, मी उभी रायन, दिवसभर उभी रायन, पानं कमी पडले तं पडले. पण उभी राह्यल्यानं वाघीण येतच नाई असं काई तिनं लिहून देल्लं नाई.

दुर्गीले रात्री तहान लागते, उशाशी पाणी ठेवजो. मी तिले सांगतलं का तेंदू सरला का घ्यायले येतो. पाऊस लागला अन आमच्यातून कोणीच नाई आलं, तं तिचं नाव तिकडच्याच शाळेत टाकजो. तिले जबरीनं माय म्हणायले लावू नोको. आपल्या मनानं म्हणली तं म्हणू देजो.