ताई काय म्हणाली

२ ऑक्टो. २००५, पिस्कॅटवे, अमेरिका
रविवारचा फोन. आई बोलली, बाबा बोलले. ताई शेजारीच बसलीय म्हणे. तिला जन्मापासून ऐकू येत नाही, फोनवर काय बोलणार. आईला म्हटलं, तिला सांग मी बरा आहे. "सांगितलं. हसली." एवढंच.
दिवसभर लॅबमध्ये व्हिडिओ. हात कुठे, तळवा कुठे, बोटं किती. खुणांच्या भाषांवर पीएच.डी. आणि ताईच्या-माझ्या घरातल्या खुणा करायला इथे कुणी नाही. रूममेट केदार चांगला आहे, पण सोम ते शुक्र क्लायंटकडे.

१६ ऑक्टो.
ताईला स्थळ आलंय. मुलगा वर्ध्याचा, त्यालाही ऐकू येत नाही, छापखान्यात आहे. ती रविवारी मूकबधिर मंडळात जायला लागलीय, तोही तिथे येतो. आई म्हणते, "आम्हाला तिचं कामापुरतं कळतं रे. तू विचार." लिहून विचारावं तर ताई सही करण्यापुरतीच शिकली.
वेबकॅम घेतला. केदारने सेट करून दिला. तिकडे बाबा तिला सायबर कॅफेत नेतील.

२३ ऑक्टो.
सव्वा वर्षाने ताई दिसली. बारीक झालीय. चित्र अडकत येतं, हात वर दिसतो तो एकदम खालीच. विचारलं, लग्न, तो, हवा? तिने तळवा गालापासून पुढे ढकलला. आमच्या घरातलं 'नको'. पानात दुधी वाढला की करायची ते. पुन्हा विचारणार, तर लाइन गेली.
आईला फोन. नको म्हणतेय. "बरं झालं तू विचारलंस. नाही कळवून टाकते."

१ नोव्हें.
दिवाळी. एडिसनला जाऊन चकल्या आणल्या. केदार टूरवर. चार खाल्ल्या, बाकी डब्यात.

१३ नोव्हें.
पुन्हा कॅमेरा. ताईने माझ्यासाठी स्वेटर विणलाय. दाखव म्हटलं. तिने तळवा गालापासून पुढे ढकलला. नको? मग मंडळातल्या गमती सांगत बसली, आणि पाचेक मिनिटांनी पिशवीतून स्वेटर काढला.
विचारलं, ही खूण कसली? तिने घड्याळावर बोट ठेवलं, हात पुढे नेला. नंतर. मंडळात असंच करतात.
मग लग्नाचं? तेही नंतर. शिवणकामाचा कोर्स मेमध्ये संपतो, मग. त्याला सांगितलंय, थांबतो म्हणाला. आणि मलाच विचारलं, तो हल्ली मंडळात का येत नाही?
मी म्हटलं, माहीत नाही.

१४ नोव्हें.
आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मुलाकडच्यांनी दुसरीकडे बघायला घेतलंय रे. हे जाऊन विचारतील. पण तिला तूच सांग, आम्हाला नाही जमायचं."

१७ नोव्हें.
मार्थाबाईंना सांगितलं. आम्हाला अमेरिकन खुणा शिकवतात, स्वतः बहिऱ्या. सगळं शांतपणे बघून घेतलं, मग विचारलं, 'नको' म्हणताना तिचा चेहरा काय करत होता?
मला आठवेना. मी हातच बघत होतो. चार वर्षं हेच शिकतोय आणि

२० नोव्हें.
सांगितलं. माझी चूक, 'नको' मीच कळवलं, मागच्या रविवारी खोटं बोललो. सावकाश, दोनदा. ताई बघत राहिली. मी तिच्या चेहऱ्याकडे. राग दिसला नाही. नव्हता की मला दिसला नाही, कोण जाणे.
मग दोन्ही हातांनी लांबलचक काहीतरी म्हणाली, मंडळाच्या भाषेत. मला दोनच शब्द लागले, 'तू' आणि 'लांब'. पुन्हा सांग म्हटलं. तिने मान हलवली आणि उठून बाबांना खुर्ची दिली.
बाबा गुरुवारी वर्ध्याला जातायत. ताईही निघालीय, बॅग भरून तयार. मी विचारलं, "तिथे तिचं बोलणं कोण समजावून सांगणार?"
बाबा म्हणाले, "अरे, त्याच्याशीच तर बोलायचंय तिला."